मानसिंगच्या रजेचा अर्ज

२ फेब्रुवारी १९४४, रहिमतपूर
आजपासून रोज डिक्शनरीतले दहा शब्द पाठ. दिवाळीपर्यंत साताऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. प्राथमिक शाळेत पाढे घोकून घ्यायला माझा जन्म नाही.

संध्याकाळी शेजारची मनुबाई आली. नवरा ज्ञानू अंथरुणाला खिळलाय. मुलगा मानसिंग अंबाल्याच्या छावणीत. रजेसाठी त्याच्या साहेबाला इंग्रजीत अर्ज हवा. हो म्हटलं. गोरा साहेब माझं इंग्रजी वाचणार. विचारेलच, कोणी लिहिलं म्हणून.

४ फेब्रुवारी
आजारी म्हणजे 'इल', पण हा पोरांचा शब्द. 'इनडिस्पोज्ड' बरा, पण तो सर्दीलाही चालतो म्हणे. अर्ज थांबवला. शब्द पाठ झाले दोन. पैकी एक विसरलो.

७ फेब्रुवारी, रात्री
'मॉरिबंड' सापडला! मरणाच्या दारातला. काय भारदस्त शब्द! आता 'बापा'ला तोडीस तोड काहीतरी हवं. गोदावरी म्हणाली, वडील फार आजारी आहेत, मुलाला सोडा, एवढं लिहायला काय होतं? आमच्या बायकोला शैली कळत नाही.

१० फेब्रुवारी
मनुबाई विचारत होती, तार करू का. तारेत शैलीला जागा कुठे? अर्ज गेला म्हणून सांगून टाकलं. उद्या जाणारच आहे. निर्धास्त होऊन घरी गेली.

१३ फेब्रुवारी
शेवटचं वाक्य अडलंय. ज्ञानूला पाहून आलो. दारात पाऊल वाजलं की मान उचलतो. "मास्तर, पोरगं निघालं आसंल न्हवं?" निघालं असेल म्हटलं. बिचारा खूश झाला. खरोखर मॉरिबंड आहे. शब्दाची निवड अचूक.

१५ फेब्रुवारी
ज्ञानू पहाटे गेला. अर्ज मुळापासून बदलावा लागणार. मॉरिबंड फुकट गेला, याचं फार वाईट वाटतं.

२० फेब्रुवारी
मानसिंग आला. बाप गेल्याची गावच्या पाटलांनी केलेली तार पोचली, त्याच दिवशी साहेबानं सोडलं म्हणे. मला वाटलं, आता भांडणार. तो पाया पडला.

"मास्तर, तुमी लय कष्ट घेतलं, आई सांगत हुती. अर्ज टपालात कुटं ऱ्हायला, कुणास ठावं. बा वाट बघत गेला."

लढाईचे दिवस, टपालाचा भरवसा नाही, म्हणालो. मग त्यानं टपालखात्यावर इंग्रजीत कडक तक्रार लिहून मागितली. नाही म्हणता आलं नाही.

लिहायला बसलो. 'निष्काळजीपणा'ला शब्द हवा होता. डिक्शनरी उघडावी लागली नाही.