किनारो, माणसां एक

४ ऑक्टोबर २०१०
पुण्याहून सकाळी मालवणात उतरले. मच्छीमार सोसायटीचं ऑफिस बर्फखान्याच्या माडीवर आहे. खिडकीतून जेटी दिसते, पायांना खालचा गारवा लागतो. राहायची सोय राधाबाईंकडे. ताटात बांगडा, वाटीत सोलकढी आणि पंचेचाळिशीतही मी एकटी कशी, याची सविस्तर चौकशी. मजा वाटली.

काम मनाजोगतं आहे. इथल्या एका सर्व्हरवर दोन व्हर्च्युअल मशीन चालतात, म्हणजे एका डब्यात दोन संगणक. एक बर्फखान्याचं तापमान सांभाळतं, दुसरं समुद्रावरच्या होड्या. प्रत्येक होडीची एक प्रोसेस, म्हणजे तिचा वेगळा चालता प्रोग्राम. वायरलेसवरचा सत्यवान तासातासाला हाक मारतो. होडी ठिकाण आणि माणसं सांगते, तो भरतो. हंगामात हे मशीन बंद ठेवता येत नाही आणि त्याला मेमरी पुरत नाही. ती चालत्या मशीनला देता यावी, यासाठी कर्नेलमध्ये, म्हणजे मशीनच्या गाभ्यातल्या प्रोग्राममध्ये, बदल करायला मी आले आहे.

यादीतली शेवटची ओळ, तीही एक प्रोसेसच, सत्यवानने वायरलेस सेटवर बसणाऱ्याची ठेवली आहे: किनारो, माणसां एक. मी हसले. हाक मारणारोय मोजूक व्हयो, असं तो म्हणाला.

६ ऑक्टोबर
मेमरीचा पहिला तुकडा चालत्या मशीनला दिला. एकही हाक चुकली नाही. सत्यवानने पेढे आणले.

संध्याकाळी त्याने ‘धनलक्ष्मी’ला हाक मारली आणि दहा अंक मोजेपर्यंत उत्तराची वाट पाहिली. ही होडी गेल्या नोव्हेंबरातल्या वादळात सात माणसांसह गेली. त्यात राधाबाईंचे यजमान. वर्ष सरेपर्यंत हाक मारायची, अशी इथली रीत.

मेमरी संपली की कर्नेल स्वतःच एक प्रोसेस निवडून मारतं. ही निकामी प्रोसेस पहिली गेली असती, तेच योग्य. पण जेवताना राधाबाई म्हणाल्या, “वरीस सरांदे, बाय. तंवसर नाव काढू नको.” मी ‘धनलक्ष्मी’वर ‘मारू नये’ अशी खूण केली. कर्नेलच्या कामात भावना आणू नये, हे मीच इतरांना शिकवते. खूण एका ओळीची तर आहे.

११ ऑक्टोबर
‘धनलक्ष्मी’ने उत्तर दिलं.
“माणसां सात. जागा आसा.”
कुणीतरी चेष्टा करतंय, असं मी म्हटलं. सत्यवानने हाताच्या सवयीने आकडा भरला. तेव्हापासून तिची प्रोसेस मेमरी खाते आहे.

१३ ऑक्टोबर
पाच तुकडे दिले. परत घेता येत नाहीत. तुकडा काढायचा तर त्यातलं सगळं दुसरीकडे हलवावं लागतं. प्रत्येक तुकड्यात ‘धनलक्ष्मी’चं एकच पान, मेमरीचा लहानसा कप्पा, आहे, ते हलत नाही. उघडून पाहिलं. शून्यंच. चूक माझ्या कोडमध्ये असेल. असावी.

१५ ऑक्टोबर
आज मेमरी द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. मी.
११.१० ला मेमरी संपली, कर्नेलने ‘समुद्रदेवी’ या होडीची प्रोसेस मारली. ११.४० ला तिच्यावरचा गंगाराम शांत पाण्यात पडला. सापडला नाही.
संध्याकाळी सेटवर: “माणसां आठ. जागा आसा.”

१६ ऑक्टोबर
खूण काढते, परत येते. प्रोसेस मारते, मरत नाही. बर्फखान्याच्या मशीनची मेमरीही काढून दिली.
वादळाचा बावटा लागलाय. अठरा होड्या बाहेर. ठिकाणं फक्त या मशीनवर — बंद कसं करू?

१७ ऑक्टोबर, दुपार
सतरा आल्या. आलेल्या होडीची ओळ बंद होऊन यादीतून जाते. उरलेली लवूची, राधाबाईंच्या भावाची. इंजिन धड चालत नाही, सत्यवान सेटवरून खडकांमधून वाट सांगतोय.
राधाबाई जिना चढून आल्या. सगळं सांगितलं. यादीत नवऱ्याच्या होडीचं नाव बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मेल्यांक जागा खूप झाली, बाय. जित्याक दी.”
लवूच्या होडीवर खूण केली.

४.१०
सत्यवान दोर घेऊन जेटीवर धावला, राधाबाईही. सेटवर मी.
तीन ओळी. ‘धनलक्ष्मी’वर खूण. लवूवर खूण. तिसरी किनाऱ्याची, सेटवर बसणाऱ्याची —
तिच्यावरही केली तर कर्नेलला मारायला कुणी उरत नाही. मग सगळं मशीनच थांबतं. लवू अजून खडकांत आहे.

४.२०
शेवटचा तुकडा दिला. हात दोनदा तिसऱ्या ओळीवर गेला. मागे घेतला.
लवूला डावीकडे ठेव सांगितलं. ऐकतोय.

४.२६
जमीन ओली. बर्फखान्याचं पाणी असेल. पण तो खाली आहे — पाणी वर —
चाखलं. खारट.

४.३१
जेटीवर ओरडा. राधाबाई लवूला शिव्या घालतायत, रडतायत. आला. लवू आला. आता खूण करता ये—
यादीत एकच ओळ आहे, ‘धनलक्ष्मी’.
सेटवर हाक. मी मारलेली नाही. माणसां नऊ, म्हणतायत. जागा