कॅसेटची शेवटची अकरा मिनिटं

मी, खाली सही करणारी, वय पूर्ण चोपन्न, व्यवसाय दर रविवारी वर्तमानपत्रातून लोकांच्या खोड्या काढणे, घरच्यांच्या तोंडी नाव 'टाचणी', हे लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही, आणि आणायला धजेल असं माझ्या ओळखीत कुणी उरलेलं नाही. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मानेतली गाठ निरुपद्रवी निघाली, असं त्यात नमूद आहे. आपल्याला काहीही झालेलं नाही याचा पुरावा मृत्युपत्राला जोडायची पद्धत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मी जोडलाच. तो कागद मी सध्या पर्समध्ये घेऊन फिरते आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवते.

हे मृत्युपत्र करायचं ठरलं ते अहवालाची वाट बघण्याच्या सतरा दिवसांत. अहवाल चांगला आला, तेव्हा मी वकीलबाईंना "राहू द्या आता" म्हणायला गेले. त्या म्हणाल्या, "मजकूर टाइप झालाय. आज ना उद्या लागणारच आहे, सही करून टाका." या बाईंशी माझं जमतं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केल्याचं कुणी सांगितल्यास तो इसम खोटं बोलतो आहे, असं समजावं.

कलम १. माझ्या मालकीचं राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोरच्या छापखान्याकडे तोंड करून असलेली गॅलरी, हे माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, मिळावं. अट काहीही नाही. "आत्याला काय आवडलं असतं?" असं म्हणत भिंतींचा रंग ठरवू नये. आत्याला रंगांतलं कळत नव्हतं.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही तिचंच. आकडा इथे लिहीत नाही. आकडा वाचला की लोकांचं रडणं मध्येच थांबतं.

कलम ३. माझी लांब पात्याची कात्री वर्तमानपत्रातल्या उपसंपादकांना द्यावी. त्यांनी सव्वीस वर्षं माझ्या लेखाची शेवटची ओळ कापली. निम्म्या वेळा त्यांचं बरोबर होतं. कुठल्या निम्म्या, हे मी माझ्याबरोबर घेऊन जाते आहे.

कलम ४. माझे माजी यजमान. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात आम्ही एक रहस्यपट बघायला गेलो. मध्यांतरात चहाचा कप माझ्या हातात देता देता ते म्हणाले, "स्वयंपाकिणीनेच मारलंय, बघ तू." ते आधी मित्रांबरोबर बघून आले होते. घरी जुनं काही लावलं तर पात्राच्या आधी संवाद म्हणायचे, वर "आता बघ हं, आता बघ" हे चालूच. मी समोरच बसलेली असे, आणखी कुठे बघणार? अकरा वर्षांनी आम्ही वेगळे झालो. कारणं बरीच होती, पण न्यायाधीशांना मी हे एकच सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांना मी माझ्याकडचा गुप्तहेर मालिकेचा न बघितलेला संच देते आहे. सहा तबकड्या आहेत. सहावी मी काढून घेतली असून ती तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या स्वाधीन करावी, फक्त सांभाळायला. यजमानांनी मागितली तरी बाईंनी ती देऊ नये.

कलम ५. पुढील मजकूर मागे घेत आहे. 'चोथा' नावाचा माझा लेख, पंधरा वर्षांपूर्वीचा. त्यात मी म्हटलं होतं की बघितलेलंच परत परत बघणारी माणसं म्हणजे चघळून चोथा झालेल्यातून रस काढणारी. त्यांना आयुष्यात पुढचं पाऊल टाकायची भीती वाटते म्हणून ती मागच्या पावलावर फेऱ्या मारतात. लेख गाजला. तीनशे पत्रं आली. एका निवृत्त शाळा-लेखनिकांनी फक्त एवढंच लिहिलं होतं: "बाई, तुम्ही रोज त्याच खुर्चीत बसता ना? मग?" मी त्यांना तिरकस उत्तर पाठवलं. ते आता हयात नाहीत, म्हणून माफी इथे मागते.

सतरा दिवस वाट बघताना मी पहिल्या संध्याकाळी एक कोरी, नवी मालिका लावली. चौथ्याच मिनिटाला पडद्यावरचे डॉक्टर पाकीट फोडू लागले. मी बंद केली. मग वीस वर्षांपूर्वीची ती भांडखोर चाळकऱ्यांची विनोदी मालिका लावली, आणि सतरा दिवसांत तिचे शेहेचाळीस भाग बघितले. जिना कधी मोडणार, पाणी कधी जाणार, कोण कुणाच्या नावाने बोंब मारणार, सगळं तोंडपाठ. जगात निदान एक जागा अशी होती की तिथे पुढे काय होणार ते मला माहीत होतं. आणि दुसरं असं की पुढचं कळण्याची घाई नसली की कडेचं दिसायला लागतं. दर भागात मागच्या खिडकीत एक म्हातारा बूट पुसताना दिसतो. शेहेचाळीस भागांत त्याचा एक बूटही पुसून झालेला नाही. हा माणूस मला पहिल्या वेळी दिसलाच नव्हता.

तेव्हा 'चोथा' रद्द. यजमानांबद्दलचं कलम मात्र कायम.

कलम ६. कपाटाच्या खालच्या खणातली व्हिडिओ कॅसेट, आणि ती चालवणारं यंत्र, जे दुरुस्तीवाल्याने सात वेळा मरणाच्या दारातून परत आणलं आहे. या कॅसेटबद्दल मला एक कबुलीजबाब द्यायचा आहे. वकीलबाईंनी समासात "आवश्यक आहे का?" असं पेन्सिलीने लिहिलं होतं. आहे.

कॅसेटवर एका नावाड्याचा सिनेमा आहे. आई-बाबांनी तो लग्नानंतर थिएटरात बघितला होता, दादा तेव्हा पोटात होता. पूर आलेला, पलीकडच्या काठावर बाळंतीण अडलेली, नावाडी डॉक्टरला घेऊन पार होतो. डॉक्टर उतरतो, नावाडी एकटा परत फिरतो, आणि बुडतो. आई तीन दिवस रडत होती म्हणे. पुढे तो टीव्हीवर लागला, तेव्हा बाबांनी तो भरून घेतला, कारण आईला त्यातली गाणी हवी होती. आमच्याकडे तो महिन्यातून एकदा तरी लागायचा. नावाड्याने नाव वळवली की आई "पाणी बघून येते" म्हणून उठायची आणि अकरा मिनिटांनी परत यायची. तेवढ्या वेळात अख्ख्या गावाचं पाणी बघून झालं असतं.

मी चौदा वर्षांची होते, दादा सतरा. त्या रविवारी दुपारी फुटबॉलचा अंतिम सामना होता आणि दादाला गणिताच्या क्लासला जायचं होतं. आठवडाभर त्याने बाबांची मनधरणी केली. बाबा म्हणाले, "सामना दरवर्षी असतो. परीक्षा एकदाच." आई-बाबा नातलगाकडे गेले, दादा वह्या घेऊन गेला, मी घरी एकटी. सामना संपत आला तेव्हा मला वाटलं, दादासाठी निदान शेवट तरी भरून ठेवावा. कोरी कॅसेट नव्हती. मग मी हिशेब केला: नावाड्याची शेवटची अकरा मिनिटं घरात कुणालाच नको असतात.

आता, बाबांनी त्या कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी तोडून ठेवली होती. ती तोडली की वर दुसरं काही भरता येत नाही. भरायचंच असेल तर त्या खाचेवर काहीतरी चिकटवावं लागतं. मी माझ्या वहीवरच्या लेबलाचा कोपरा फाडून चिकटवला. निळ्या किनारीचा, माझ्या नावाचं शेवटचं अक्षर असलेला. म्हणजे हे चुकून घडलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

दादाला सांगायच्या आत आईने संध्याकाळी सिनेमा लावला. नावाड्याने नाव वळवली आणि गवतावर बावीस माणसं पळायला लागली. बाबांनी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "मी नाही." बाबा म्हणाले, "मग घरातलं भूत बघतं का फुटबॉल?" आणि ठेवून दिली एक. मी दाराआड होते. तोंड उघडलं आणि परत मिटलं. चाळीस वर्षं झाली, मिटलेलंच आहे. ज्या बाईने इतरांबद्दल तेराशे लेख लिहिले तिची ही गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप कॅसेट काढून बघितली. खाचेवर साधी चिकटपट्टी होती. लेबल नाही. मला वाटलं, माझीच आठवण दगा देते आहे.

पुढच्या महिन्यात आईने पुन्हा तो लावला. फुटबॉल सुरू झाला तसा बाबांनी आवाज बंद केला, आईकडे बघितलं, आणि उभे राहून म्हणाले, "पुढे काय झालं, मी सांगतो. नावाडी परत आला. दोर बांधला. आणि म्हणाला, चहा टाका." आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की तो बुडतो. आई त्या दिवशी पाणी बघायला उठली नाही, पुन्हा कधीच उठली नाही. बाबा जाईपर्यंत त्यांनी त्या नावाड्याला शेकडो वेळा वाचवलं. कधी कुत्र्याने ओढून आणला, कधी फांदी सापडली. ते गेल्यावर आई सांगायची, आई गेल्यावर मी. आई शेवटच्या वर्षी मला म्हणाली, "ज्याने कुणी तो फुटबॉल भरला ना, त्याचं भलं होवो." तेव्हाही मी गप्प.

फक्त दादा ती थोबाडीत खाल्ल्यावर कधी तो सिनेमा बघायला बसला नाही. नाव दिसली की उठून बाहेर. हळूहळू तो काहीच दुसऱ्यांदा बघेनासा झाला. विचारलं तर म्हणतो, "एकदा कळलं ना? मग?" भाचीला वाटतं, तिच्या वडिलांचा स्वभावच तसा रुक्ष. स्वभाव नव्हे. मी केलेलं आहे ते.

कॅसेट दादाला द्यावी, असं मूळ मसुद्यात होतं. हे सगळं त्याने मी गेल्यावर वाचायचं, अशी माझी शूर योजना होती.

पुरवणी, स्वहस्ते. कलम ६ मधलं देणं रद्द करते आहे. कारण असं: दुसरे साक्षीदार दंतवैद्य ऐन वेळी परगावी गेले. मी दादाला बोलावलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून फुटकी कवडीही मिळता कामा नये, असा दंडक आहे. खरं सांगायचं तर शेजारचं कुणीही चाललं असतं. पण दादा जन्मभर लिफ्ट तपासनीस होता. वाचल्याशिवाय सही करत नाही. केली असती तर अर्धं शहर तळघरात पडलं असतं. हे मला माहीत होतं.

तो चष्मा लावून गॅलरीत बसला. मी स्वयंपाकघरात आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. शिवणकाम करणाऱ्या बाई सही करून, माझ्याकडे बघून, "मी येते हं" म्हणून सटकल्या. दादाने हाक मारली.

"टाचणे, हे लेबलाचं काय लिहिलंयस?"

"होतं रे. मला पक्कं आठवतं."

"होतंच. मी काढलं ते. बाबा बघायच्या आत. तुझं अक्षर होतं त्यावर, गाढवे. वर चिकटपट्टी लावून दिली."

मी खाली बसले. "म्हणजे तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस? मार का खाल्लास?"

"बोलून? बाबांनी विचारलं असतं, तू नाहीस तर मग तू कुठे होतास? क्लासमास्तरांना विचारायला गेले असते. मी क्लासला होतो कुठे!"

"कुठे होतास?"

"तुझ्या वहिनीबरोबर. मॅटिनीला."

"सामना सोडून? आठवडाभर बाबांच्या मागे लागला होतास ना?"

"तो सोमवार ते शुक्रवार. शनिवारी ही 'हो' म्हणाली."

"कुठला सिनेमा?"

"मला काय विचारतेस! बघितला कुणी? पुढे चार वेळा गेलो त्याच सिनेमाला. चौथ्या खेपेला कळलं की हिरो एक नव्हता, दोन होते."

"आणि आमच्याकडे म्हणे, 'एकदा कळलं ना, मग?' आणि नावाडी लागला की उठून का जायचास?"

"तू माझ्याकडे बघून रडवेली व्हायचीस. एक दिवस सगळं ओकशील आणि आपण दोघंही मरू, म्हणून. मग बाबा गेले. तोवर उठायची सवय झाली होती."

मला हसू आलं की रडू, याची नोंद करत नाही. चाळीस वर्षं मी जो धोंडा उराशी धरून बसले होते तो त्याने वहीच्या लेबलासारखा सोलून काढला, आणि वर म्हणाला, "चहा उकळून चाललाय बघ."

मेल्यावर देता येत नाही, म्हणून कॅसेट, यंत्रासकट, आज, जिवंतपणी, दादाला देऊन टाकली. सहीला पेन पुढे केलं तर म्हणाला, "आधी हे लाव." यंत्र दोनदा खाकरलं आणि चालू झालं. दादा पूर्ण बसला. गाणी झाली, पूर आला, डॉक्टर उतरला, नावाड्याने नाव वळवली. बावीस माणसं पळायला लागली. मी सवयीने आवाज बंद करायला हात पुढे केला आणि सांगायला उभी राहिले.

"खाली बस," दादा म्हणाला. "मला बघू दे. माझ्यासाठी भरलायस ना? मी हा अजून बघितलाच नाही."

"अरे, दुसऱ्या दिवशी पेपरात सगळं आलं होतं."

"विसरलोय. कोण जिंकलं ते सांगू नकोस."

सांगत नाही. मी हे त्याच्या शेजारी बसून लिहिते आहे. सात मिनिटं उरली आहेत. कॅसेट त्याची झाल्याने कलम ६ पैकी आता फक्त कबुलीजबाब शिल्लक राहतो. तो काढून टाका, असं वकीलबाई म्हणतील. राहू द्यावा.

वर लिहिलेलं सर्व माझ्या राजीखुशीने लिहिलं असून ते अमलात आणण्याची कुणी घाई करू नये.

स्थळ: माझी बैठकीची खोली, नेहमीचीच खुर्ची
तारीख: चौदा, रविवार, सामना संपल्यावर
सही: (टाचणी)

साक्षीदार पहिल्या: तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. माझ्यासमोर सही झालेली नाही, पण बाई धडधाकट आहेत. सहावी तबकडी जपून ठेवीन.

साक्षीदार दुसरे: दादा. सगळं वाचून सही केली. क्लासचा उल्लेख गाळावा, ही विनंती फेटाळली गेली. शेवटचा गोल मागे नेऊन परत बघितला. दोनदा.