दादाच्या डोक्याचा फोटो

शहापूर,
३ जानेवारी २००९

भगीरथदादास हिरीचा नमस्कार.

आईच्या आणि लडकूकाकाच्या पाया पडते. मी बरी आहे, खोकला गेला. हर्षालीवहिनी, हे पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून तुलाही नमस्कार. फक्त सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नको. फोनवर दादा ऐकून घेत नाही. "माझ्या डोक्यात भुसा हाये गो, त्याचा फोटू काय काढता," म्हणून त्याने परवा फोन ठेवला.

दादा, मी ते मशीन पाहिलं. आतापर्यंत मी इथल्या शाळांतून मुलांकडून वाचून घेत होते आणि ज्यांना अक्षरं जुळवता येत नाहीत त्यांची नावं, ज्या ह्यावर संशोधन करतात त्या आमच्या मॅडमना देत होते. गेल्या आठवड्यात त्या मला मुंबईच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. मोठ्या नळीत माणूस आडवा जातो, आत लाकूड फोडल्यासारखा आवाज होतो. त्याने नुसतं पडून राहायचं. तरी मेंदूचं काम चालूच असतं. एक भाग जागा झाला की लांबचा दुसराही त्याच्याबरोबर जागा होतो, एक निवला की दुसराही निवतो. आपल्या वाडीतली आणि डोंगरापलीकडच्या वाडीतली माणसं दर वेळी एकाच सुमाराला धसईच्या बाजाराला निघाली, तर मधली वाट दिसली नाही तरी आपण ओळखतो ना, की ह्यांचं आपसात बोलणं आहे. तसंच. वाचायला जड जाणाऱ्यांमध्ये हे बोलणं कुठे वेगळं असतं का, ते मॅडम शोधतायत. मनाच्या आजारांसाठीही काही डॉक्टर असंच बघतात. जेवताना, चालताना माझ्या डोक्यात तेच आहे.

एका फोटोवरून कोणाचंच काही सांगता येत नाही. पुष्कळ जणांचे एकत्र लावले तर कुठे काही कळेल. त्याने तुझं वाचन सुधारणारही नाही. सुई नाही, औषध नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे मागाहून तू म्हणायला नको, हिरीने फसवलं.

तुझ्या करदोऱ्याचंही विचारून ठेवलंय. मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक, लोखंड आत चालत नाही, आणि तुझ्या करदोऱ्यात भगताने दिलेलं लोखंडाचं वेढं आहे. जिवंत माणूस करदोरा काढत नाही, असं मशीनवाल्या भाऊंना सांगितलं तेव्हा मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "आमच्या गावीपण नाय काढत. दोरा राहू दे, लोखंड तेवढं बाहेर." वेढं वहिनी मुठीत धरून दाराबाहेर बसेल.

आता तू विचारशील, एवढी माणसं असताना मलाच का? मॅडमना भावंडांच्या जोड्या हव्यात. हे खरं आहे, पण अर्धंच. ही ओळ मी दोनदा खोडली.

मी चांगलं वाचणाऱ्यांच्या गटात जाणार होते. तुलनेला तेही लागतात. बी.ए. झालेली, म्हणून मीच पुढे झाले. आधी वाचनाची चाचणी असते. धडा मी भराभर वाचला. मग मॅडमनी अर्थ नसलेले शब्द पुढे ठेवले. टबगीण, फोमरट, असले. ते कधी पाहिलेलेच नसतात, अक्षराला अक्षर जोडूनच वाचावे लागतात. दादा, मला येईनात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईंनी घेतले, तरी तेच. मॅडमनी जवळ बसवून विचारलं, "हिरा, मग तू शिकलीस कशी?"

मी सांगितलं. लडकूकाकाचा पाय मोडला, तो वर्षभर ओटीवर बसून होता आणि मी शाळेत जायला लागायच्या आधीच मला घेऊन बसायचा. नाचणीच्या पिठात बोटाने अक्षर काढायचं, मोठ्याने म्हणायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. चुकलं की म्हणायचा, "घाई कोनाला हाये गो, मला काय उठता येतंय?" तू तेव्हा शाळेत छडी खात होतास. अक्षरं जोडायची सोडून मी अख्खे शब्दच माणसांच्या चेहऱ्यासारखे ओळखायला शिकले. अजून तशीच वाचते. मला वाटायचं, सगळेच असे वाचतात.

वहिनी, थांबली असशील तर पुढे वाच.

आपल्या घरात एक हुशार आणि एक माठ, असं ठरून गेलं होतं. तूही ते मान्य केलंस. तुझंही माझ्यासारखंच आहे असं मी म्हणू शकत नाही, त्यासाठी तुझी चाचणी व्हायला हवी. पण तसं असेल तर आपल्या दोघांत फरक एवढाच, की काकाचा पाय माझ्या वेळी मोडला. हे सुचलं तेव्हा मी एस.टी. स्टँडवर एकटीच हसत होते. मुरबाडच्या गाडीत बसून तडक घरी यावंसं वाटलं.

म्हसाची जत्रा आटोपली की पुढच्या रविवारी मुंबईला यायचं आहे. संमतीचा कागद तुला दुसऱ्या बाई वाचून दाखवतील. मी खोलीत थांबणार नाही, बहिणीच्या भिडेने हो म्हणायला नको. नाही म्हणालास तरी तुझं-माझं काही बिघडणार नाही. फक्त भुसा आहे म्हणून नाही म्हणू नको. दुसरं कुठलंही कारण दे, मी ऐकेन.

बहुतेक तुझ्यासारखीच,
हिरी