भडगावच्या आबांचं नाक

बुधवार, जळगाव

टॅब्लेट घ्यावा की संगणकाला जोडायचा मोठा ड्रॉइंग डिस्प्ले? पाट्या रंगवत वर आलेला माणूस मी, मन मोठ्या पडद्यावरच होतं. आज मात्र मित्राचा टॅब्लेट मागून भडगावला गेलो. वारलेल्या आबांचं चित्र काढायचं होतं, आधारकार्डावरच्या फोटोवरून, त्यांच्याच घरी बसून. दाराआडून त्यांच्या बायको, अक्का, पुटपुटल्या, "नाक बसकं व्हतं."

मुलगा म्हणाला, "आई, फोटोत दिसतंय ना! भाऊंना काम करू दे."

मी नाक बसकं केलं. अक्का जवळ आल्या, बघतच राहिल्या. "आते तोंड त्यासनंच शे." आता चेहरा त्यांचाच आहे, म्हणे.

डिस्प्ले माझ्या दुकानातल्या संगणकालाच जोडलेला राहिला असता. मग ते नाक मला कुणी सांगितलं असतं? अक्का थोड्याच दुकानात येणार! टॅब्लेटच घेतो. पडदा लहान पडेल, तर चष्मा बदलून घेईन.