पाण्यातलं विरजण

४ फेब्रुवारी
पिल्लं आली. एका दिवसाची, खोक्यांत दाटीवाटीनं. अर्धी डाव्या शेडमध्ये, अर्धी उजव्या. लस दोन्हींना तीच. उजव्या शेडला शिवाय पाण्यातून प्रोबायोटिक — पोटातले चांगले जंतू. त्यांनी लसीचा जोर वाढतो का, एवढंच बघायचं.

प्रयोगाची कल्पना त्याची. आखणी आम्हा दोघांची. डिसेंबरात तो गेला — दुसरं शहर, दुसरी नोकरी, दुसरी बाई. पिल्लांची मागणी आधीच नोंदवलेली होती. म्हणून मी करतेय.

सासूबाई इथेच आहेत. आईला नंतर नेईन, असं तो जाताना म्हणाला होता. त्यांनी विषय काढलेला नाही. मीही नाही.

११ फेब्रुवारी
मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीची लस. डोळ्यात एकेक थेंब. पिल्लू डोळा मिटतं, थेंब आत जातो, सोडून द्यायचं. पुढचं उचलायचं. दुपारनंतर हात आपोआप चालत होते.

सर येऊन बघून गेले. 'तुम्ही फार खंबीर आहात,' म्हणाले. काही वाटेनासं झालं की लोक त्याला खंबीर म्हणतात.

१५ फेब्रुवारी
सासूबाईंनी विचारलं, त्या कोंबड्यांना पाजतेस तरी काय? सांगितलं.
'म्हणजे विरजणच की.'
म्हटलं, साधारण तसंच.
'कोंबड्यांच्या पोटात विरजण घालतेस. आणि आपल्या घरावर पडलं ते?' — आणि स्वतःच हसल्या.
मी हसायला हवं होतं. उठून भांडी घासली.

२२ फेब्रुवारी
उजव्या शेडच्या टाकीला क्लोरीनचा वास. कुणीतरी नळ थेट सोडला होता. क्लोरीननं आपले जंतूच मरतात! टाकी उपसली, घासली, क्लोरीन उडून गेलेलं शिळं पाणी पुन्हा भरलं. पाठ भरून आली.

घरी आले तर सासूबाईंनी न विचारता शेकायची पिशवी तापवून ठेवलेली. कशावरून कळलं त्यांना — चालण्यावरून असेल.

१४ मार्च
रक्ताचे निकाल. उजवीकडे प्रतिपिंडं चांगली, आणि जवळजवळ सगळ्या पक्ष्यांत सारखी. डावीकडे कुणात भरपूर, कुणात नावाला.

सर खुशीत. 'शोधनिबंधात पहिलं नाव त्याचंच घालू. कल्पना त्याची ना?'
म्हटलं, घाला.
ते गेल्यावर लॅबमधली मैत्रीण माझ्यावरच उखडली. 'तुला राग कसा येत नाही गं?'
कसा येतो तो? आठवून बघितलं.

१८ मार्च
त्याचा फोन, सासूबाईंना. भिंत पातळ आहे. 'बरं... बरं... कितवा महिना?'

बाहेर आल्या. 'मूल व्हायचंय तिला. सातवा लागलाय. तिचं करायला कुणी नाही. रविवारी मला न्यायला येतोय.'
सातवा. म्हणजे तो इथे असतानाचं.
मी 'बरं' म्हणाले.
 त्या वाळत घातलेले कपडे आणायला गेल्या. ते अजून ओले होते.

१९ मार्च
बंदिस्त खोल्यांत पक्षी हलवले. दोन्ही शेडमधले थोडे, शिवाय लस न दिलेले काही. सगळ्यांना खरा विषाणू दिला. मीच दिला. आता वाट बघायची.

२२ मार्च
सासूबाई बॅग भरतायत. एक साडी ठेवतात, काढतात, परत ठेवतात. मी दारातून बघितलं आणि कामावर गेले.

२३ मार्च
लस न दिलेले आज सकाळी आडवे व्हायला लागले. माना वळलेल्या. डावीकडचे दोघे-तिघे पिसं फुलवून कोपऱ्यात. उजवीकडचे दाणे टिपतायत. सर फोनवर म्हणाले, 'सिद्ध झालं की.' एका प्रयोगानं काही सिद्ध होत नाही, पुन्हा करून बघावा लागेल. तेही बोलायचा कंटाळा आला.

आंघोळ करून, कपडे बदलून घरी आले, तर तो खुर्चीच्या कडेवर बसलेला. बूट घातलेलेच. 'रिझल्ट कसे आले?'
सांगितलं. त्यानं दोन प्रश्न विचारले. चांगले प्रश्न होते. क्षणभर आम्ही पूर्वीसारखे बोललो, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

सासूबाईंनी चपला घातल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'जाते.'
एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्या तरी 'येते' म्हणतात.
मी दार लावलं. हे लिहितेय.

२४ मार्च
काल पेन ठेवलं आणि पळत सुटले. गाडी अजून स्टँडवरच होती. खिडकीचा गज धरला. दम लागलेला. 'आई, परत या.' 
तो काहीतरी बोलायला लागला. सासूबाईंनी त्याला हातानंच गप्प केलं.
'अगं, मला वाटत होतं, मी कधी जाते याची तू वाट बघतेयस.'
गाडी सुरू झाली तरी मी गज सोडला नाही. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.
'बाळंतपण उरकलं की येते.'