मालकाचा ठिपका

॥ श्री ॥

अंधेरी, मुंबई
२८ जून १९८७

ती. आप्पांस,
दमयंतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नका. हल्ली हॉस्टेलवर पोचले की चपला काढायचाही कंटाळा येतो. माझ्या खोलीतली विमला म्हणते की मी जेवताना ताटातले शेंगदाणे चौकोनात मांडून ठेवते. खोटं नाही ते.

दिवसभर संगणकापुढे बसून काय करतेस, असं तुम्ही विचारलंत. ऐका, आणि आईलाही समजावून सांगा. विलायतेतल्या एका कंपनीने संगणकावर खेळायचा खेळ केला आहे. त्यात आपण गलबताचे तांडेल. बंदरोबंदरी माल न्यायचा, वारा बघायचा, पिण्याचं पाणी संपू द्यायचं नाही. खेळ मोठ्या रंगीत पडद्यासाठी केलेला. आता त्यांना तो बॅगेसारखा उचलून नेता येईल अशा संगणकावर हवा आहे. त्याचा पडदा पोस्टकार्डाएवढा आणि रंग एकच, हिरवा. पडद्याच्या कडेला शीड, पाण्याचं पिंप, धान्याचं पोतं, नांगर अशी नऊ चित्रं असतात. खेळणाऱ्याला ती एका नजरेत कळली पाहिजेत. मोठ्या पडद्यावर प्रत्येक चित्राला सोळा घरं उभी, सोळा आडवी. माझ्या वाट्याला आली आठ आणि आठ. घर भरायचं किंवा कोरं सोडायचं, एवढंच हातात.

मी नऊही चित्रं लहान करून दाखवली. साहेब म्हणाले की यात नांगर कुठला आणि पोतं कुठलं ते सांगा, मला तर दोन्ही मेलेली झुरळं दिसतात. ऑगस्टच्या दहा तारखेला काम विलायतेला जायचं आहे. जमलं नाही तर मला परत टायपिंगच्या टेबलावर बसवतील. दोन वर्षं धडपडून तिथून उठले आहे, आप्पा. तुम्ही जन्मभर लहानमोठ्या होड्यांवर नावं आणि कमळं काढलीत. लहान जागेत कसं काढता, सांगाल का?

आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होतात, ते नक्की काय म्हणाले?

तुमच्या मायेवर दिवस ढकलते आहे, ती कमी पडू देऊ नका.

आपली
दमयंती

---

॥ श्री ॥

भाट्ये, रत्नागिरी
६ जुलै १९८७

चि. दमयंतीस,
धाकूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

झुरळांचं वाचून तुझी आई आधी हसली आणि मग तुझ्या साहेबाचा उद्धार करत बसली. आम्ही ठीक आहोत. पावसाने नुसता वैताग आणला आहे. मांडवात रंगाचा एक हात द्यायचा आणि वाळायची वाट बघत दोन दिवस बसून राहायचं. बसून बसून माणूस जास्त दमतो.

गो दमू, तू मोठं चित्र लहान करतेस, तिथेच चुकतेस. मोठ्या लाँचवर मी सोळा पाकळ्यांचं कमळ काढतो. तेच वीतभर फळीवर काढलं तर शेण थापल्यासारखं दिसेल. केरूच्या होडीवर तीनच पाकळ्या आहेत, पण दांडग्या. बायका किनाऱ्यावरून आपली होडी ओळखतात त्या काय पाकळ्या मोजून ओळखत नाहीत. काय नसलं तर नांगर नांगर राहणार नाही, तेवढं शोध. तेवढंच ठेव आणि मोठं काढ. बाकीचं टाक. टाकताना जिवावर येतं, पण टाकायचं.

चौकोनांचे कागद पाठव, मीच काढून देतो. आणि आपली रीत तुला माहीत आहे. कमळाच्या मधला ठिपका मी लावत नाही, मालकाच्या बोटाने लावून घेतो. नाहीतर होडी रंगाऱ्याची राहते, त्याची होत नाही. तुझ्याही चित्रांत एकेक घर कोरं सोडीन, ते तू भर.

डोळ्यांचं म्हणशील तर उजवा केव्हाच धुरकटला आहे, तो मोजूच नकोस. डाव्यावर भागतं. डॉक्टर काहीबाही बोलला. नारळी पौर्णिमेला भागोजीची नवी लाँच पाण्यात जायची आहे. त्याची म्हातारी आई गंगुबाई सांगून गेली की नाव धाकूच्याच हातचं हवं. ते झालं की बघू.

आशीर्वाद आहेतच, वेळेवर जेवत जा.

तुझा
आप्पा

ता. क. डॉक्टर काहीबाही बोलले नाहीत. मी तिथेच बसले होते. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. गेली ती नजर परत येत नाही, उरली आहे ती वाचवायची तर लगेच मुंबईला जाऊन ऑपरेशन करा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पत्र पेटीत टाकायला मी जाते आहे म्हणून लिहायला मिळालं. — आई

---

॥ श्री ॥

अंधेरी, मुंबई
१४ जुलै १९८७

ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आईची ता. क. पोचली, तेव्हा आता लपवाछपवी पुरे. खरं तर तुम्हाला आजच्या आज बोलवायला हवं. पण मी सकाळी जाते ती अंधार पडल्यावर परत येते. रजेचं नाव काढलं तर साहेब माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. तुम्हाला दवाखान्यात नेणार कोण, रांगेत उभं राहणार कोण? विमलाने मोठ्या दवाखान्यात चौकशी केली, ते अकरा ऑगस्टला बघतील. तुमची पौर्णिमा नऊला, माझं काम दहाला. म्हणजे तुम्हाला होडी सुटत नाही आणि मला पडदा. दोघांपैकी कुणी कुणाला रागवायचं?

कागद पाठवते आहे. सोबत मोठ्या चित्रांच्या नकला आहेत. डोळ्यांना ताण होत असेल तर मुळीच काढू नका, असं लिहायला हवं. पण आप्पा, माझ्याने आता खरंच होत नाही. जमलं तर काढा.

इथे सगळं आहे, तुमची चौकशी करणारी तेवढी मी दूर आहे, म्हणून पत्राने तरी जवळ ठेवा.

आपली
दमयंती

---

॥ श्री ॥

भाट्ये
२२ जुलै १९८७

चि. दमयंतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नऊ कागद सोबत आहेत. शिडाला दोरखंड नाहीत, नुसतं फुगलेलं पोट ठेवलं. पोत्याला गळ्याशी गाठ दिली, बाकी काही नाही. पिंपाला दोन पट्टे. नांगराचा दांडा आणि दोन बोटं. तुझी कोरी घरं सोडली आहेत, ती भर.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या त्या खेळात तांडेल पहिल्या दिवशी समुद्राला नारळ देतो का? देत नसेल तर साहेबाला सांग, गलबत तिसऱ्या बंदराच्या पुढे जायचं नाही.

लाँचचं नाव निम्मं झालं. हल्ली लवकर थकतो. जास्त लिहीत नाही.

आहे तो लोभ पुरवून पुरवून वापर.

तुझा
आप्पा

ता. क. चहाचा कप उजव्या हाताला ठेवला की हात लागून सांडतो. वर मलाच विचारतात की अशी कडेला का ठेवतेस. — आई

---

॥ श्री ॥

अंधेरी, मुंबई
२९ जुलै १९८७

ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आप्पा, जिंकलो! साहेबांनी लहान पडद्यावर चित्रं बघितली आणि बोट ठेवून एकेक ओळखत गेले. शीड, पोतं, पिंप, नांगर, सगळं. शिपायाला बोलावून विचारलं, त्यानेही ओळखलं. ही कुणी काढली म्हणून विचारलं तेव्हा मी सांगितलं की भाट्याच्या धाकू पेंटरने. त्यांना वाटलं, एखादं कलेचं कॉलेज असेल.

पण मालकिणीवर मेहेरबानी जरा जास्तच केलीत. एक घर सोडतो म्हणालात आणि सोडलीत चार-चार, पाच-पाच! नांगराचं उजवं बोट अख्खं मलाच काढावं लागलं. हसत हसत सगळी भरली. म्हातारपणी सढळ झालात.

आता दहा तारखेपर्यंत तेवढं तपासण्याचं काम उरलं. पहिल्यांदाच भूक लागल्यासारखं वाटतं आहे.

असाच हात पाठीवर असावा.

आपली
दमयंती

---

॥ श्री ॥

अंधेरी, मुंबई
३ ऑगस्ट १९८७

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तार मिळालीच असेल. घाबरू नकोस, पण हे पत्र आप्पांना वाचून दाखव. त्यांना आवडो न आवडो.

आज त्यांचे नऊ कागद फायलीला लावायला घेतले आणि टेबलावर ओळीने मांडले. एकेक बघत होते तेव्हा कळलं नव्हतं. नऊ एकत्र मांडल्यावर कळलं. कोरी घरं सगळ्या कागदांवर एकाच बाजूला आहेत. उजवीकडे. शिडाची उजवी कड नाही, पोत्याची उजवी कड नाही, नांगराला उजवं बोट नाही. मालकाचा ठिपका मधे असतो, आई. लहानपणापासून मी बघत आले आहे. प्रत्येक चित्रात मधलं एक घरही कोरं होतंच, ते त्यांनी माझ्यासाठी सोडलं होतं. बाकीची सोडलेली नव्हती. ती त्यांना दिसलीच नाहीत.

आणि मी ती हसत हसत भरली. तुझी चहाच्या कपाची ओळ माझ्याकडे आठवडाभर पडून होती. ती वाचूनही मला काही सुचलं नाही. मला चित्रं हवी होती म्हणून सुचलं नाही, हेच खरं. ज्या डोळ्याला दवाखान्यात न्यायचं, त्याला मी नऊ कागद पाठवून कामाला लावलं. मला माझीच लाज वाटते.

साहेबांना सांगितलं की आजपासून मी रजेवर आहे. ते म्हणाले की मग पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल. जाऊ दे म्हटलं. दवाखान्यातही बसून आले, गुरुवारी बघतो म्हणाले. आप्पांना एस.टी.त बसव. भागोजीला माझ्या वतीने हात जोड. पौर्णिमा दरवर्षी येते.

तुझ्या पदराखाली जागा ठेव, मला तिथे बसून रडायचं आहे.

तुझी
दमू

---

॥ श्री ॥

भाट्ये
५ ऑगस्ट १९८७

चि. दमूस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र यांच्याच खिशात घालून पाठवते आहे. बारीक अक्षरात लिहिलं आहे म्हणजे वाटेत वाचता येणार नाही.

तुझं पत्र आज सकाळी आलं. वाचून दाखवलं तर उठून पडवीत जाऊन बसले. मग म्हणाले की मला माहीत होतं. लाँचवरचं शेवटचं अक्षर फळी सोडून खाली उतरलं होतं, ते भागोजीने गुपचूप पुसून स्वतःच्या हाताने वर केलं. यांनी ते बोटांनी चाचपून ओळखलं. दवाखान्यात गेलो की कुंचला सुटणार, म्हणून दिवस ढकलत होते. भीती वाटते असं म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं गो.

भागोजी येऊन गेला. म्हणाला की लाँच पौर्णिमेला जाईल, पण कमळाचा ठिपका काका येईस्तो नाय लावायचा, रंग काय पळून जात नाय. गंगुबाईने यांच्या हातात नारळ दिला आहे. तो दवाखान्यात फोडू नका.

रडायला केव्हाही ये. आधी त्यांना नीट उतरवून घे, उजव्या बाजूने धर.

तुझी
आई

---

॥ श्री ॥

भाट्ये
१४ सप्टेंबर १९८७

चि. दमयंतीस,
आशीर्वाद. वि. वि.

अक्षर मोठं आहे, हसू नकोस. एका पानावर सहा ओळी मावतात म्हणून आठ पानं झाली.

ऑपरेशन झालं तरी डॉक्टर म्हणाले होते तसंच आहे. गेलं ते गेलं, उरलं ते राहिलं. नळीतून बघावं तेवढं दिसतं. दारातून आत येताना दार दिसतं तर उंबरा दिसत नाही. कंटाळा येतो. परवा तुझ्या आईवर विनाकारण ओरडलो, मग दुपारभर गप्प बसलो. ती म्हणाली की बसा, तेवढीच शांतता.

काल भागोजी लाँच घेऊन धक्क्याला आला. मी म्हटलं की ये, बोट बुडव, ठिपका लाव. तो ऐकेना. म्हणाला की या वेळेला ठिपका तुम्हीच लावायचा, लाँच तुमचीपण हाय. चाळीस वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. फळीजवळ गेलो. सगळं कमळ एकदम दिसेना. एकेक पाकळी बघत मधे आलो. तिथे कोरी जागा होती. लावला. मग मात्र रडलो, लाज वाटली नाही.

दमू, तुझी पत्रं बारीक अक्षरातली, माझ्या नळीत मावत नाहीत. आई वाचून दाखवते आणि मधलं गाळते, ते मला कळतं. त्या कामाचं काय झालं, तुला टायपिंगला बसवलं का, ते ती सांगत नाही. तू स्वतः मला वाचता येईल असं लिही.

उरलेल्या नजरेत तू मावतेस, एवढं पुष्कळ आहे.

तुझा
आप्पा

---

२१ सप्टेंबर

आप्पा,

टायपिंगला बसले.

चित्रं विलायतेला गेली.

शनिवारी येते.

बाकीचं टाकलं.

खाली तीन पाकळ्यांचं
कमळ काढलंय.

मधलं घर तुमचं.

दमू