ब्रेवाचा उगीच बाऊ

२ जून
ठरलं एकदाचं. सायकलनं ऑर्टाच्या तळ्यापर्यंत. मी आणि देलिओ, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, पाल्मिराचा नवरा. या महिन्यात तो सत्तरीचा होतोय. आपल्या कोमोच्या तळ्यावरून निघायचं, मधली दोन तळी मागे टाकायची, जुन्या दगडी गावांतून मुक्काम करत जायचं, हे त्याचं फार दिवसांचं खूळ. प्लॅन माझा. कॅप्टन अर्थातच मी. मी वयानं लहान, हृदय ठणठणीत. शिवाय सगळी नोकरी तळ्यावरच्या बोटीत तिकिटं तपासण्यात गेली, त्यामुळे इथला वारा मला तोंडपाठ.

४ जून
पाल्मिरा येऊन गेली. देलिओच्या हृदयाचं पुराण पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर म्हणालेत, सायकल चालवा, पण दम लागता कामा नये आणि वाऱ्याच्या तोंडी जायचं नाही. मला समोर बसवून म्हणाली, "एर्मेते, तू पुढे राहा. तो तुझ्या चाकामागे राहील. एवढं एकच कर, बाकी काही करू नकोस."
आता यात सांगण्यासारखं काय आहे? पुढच्यानं वारा अंगावर घ्यायचा, मागच्यानं त्याच्या आडोशानं जायचं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. शब्द दिला. तिला वाटतं मी अजून आठ वर्षांचा आहे.

९ जून
संकल्प.
पहाटे पाचला उठणे. सकाळी तिवानो वाहतो, उत्तरेकडून, म्हणजे आमच्या पाठीवर. जेवणवेळेनंतर ब्रेवा, दक्षिणेकडून, थेट तोंडावर. आम्हाला जायचंय दक्षिणेला. म्हणून दुपार व्हायच्या आत मुक्काम गाठायचा. साधी गोष्ट आहे.
तसा ब्रेवाचा लोक उगीच बाऊ करतात. एवढ्या वर्षांत मला कधी टोपी धरून बसावं लागलं नाही. बोटीत माझी खुर्ची काचेच्या आत होती हे खरं, पण खिडकी उघडता यायची.

१० जून, मेनाज्जो
अलार्म वाजला नसावा. उठलो तेव्हा देलिओ अंगणात, दोन्ही सायकलींत हवा भरून, हेल्मेट घालून बसलेला. कधीचा बसलाय विचारलं नाही. उपाशीपोटी निघणं हृदयाला बरं नाही, म्हणून जेवूनच निघालो. (त्याच्याच हृदयासाठी.)
सुरुवातीला त्याला पुढे जाऊ दिलं, कारण माझं सीट नवीन आहे, अंदाज यायला वेळ लागतो. मग लक्षात आलं, मागून त्याच्यावर जास्त चांगली नजर ठेवता येते. पुढे राहिलो तर हा मागे काय करतोय ते मला कसं कळणार? पाल्मिरानं हा विचारच केलेला नाही. तिला सायकल येत नाही.
वारा नावालाही नव्हता. मेनाज्जोत पोचल्यावर देलिओ धक्क्यावरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिला. तोंड लाल. उन्हानं.
उद्या पहाटे. मी पुढे.

११ जून, सान मामेते
गुडघा. सकाळी जिना उतरताना कुरकुरला, म्हणून मालिश, म्हणून उशीर. मग चढ. चढावर पुढे कोण, मागे कोण, यानं काही फरक पडत नाही. उतारावर मी ब्रेक तपासत होतो. नंतर लुगानोच्या तळ्याकाठचा रस्ता, तिथे देलिओ पुढे होताच, मग उगीच जागा कशाला बदला?
देलिओला हल्ली कोपर झटकायची सवय लागली आहे. पुढच्यानं कोपर हलवलं की "माझं झालं, आता तू पुढे ये" ही आम्हा सायकलवाल्यांची खूण, ती मला माहीत आहे. पण इतक्या वेळा कोण हलवतं? हा संधिवात असणार. पाल्मिराच्या कानावर घातलं पाहिजे.
इथून वर डोंगरात कास्तेल्लो नावाचं गाव आहे, शेकडो वर्षांचं, सगळं कमानींचं. खास ते बघायला आलो होतो. देलिओ पायथ्याशी उभा राहून वर बघत राहिला आणि म्हणाला, इथून दिसतंय तेवढं पुरे. मी म्हटलं, अगदी बरोबर. बिअर घेतली.
रात्री जेवताना तो माझ्याकडे बघून हसत होता. म्हणाला, तुझ्या चष्म्यावर एक चिलट नाही रे. त्याच्या काचा पाहिल्या तर चिलटांनी भरलेल्या. माणसानं वस्तू नीट ठेवाव्यात. मी ठेवतो.

१२ जून, लुईनो
आजही निघायला दुपार झाली. हॉटेलवाल्यानं कॉफी उशिरा दिली. त्यानं ती लवकरही दिली होती म्हणे, पण मी झोपेत असताना दिलेल्या कॉफीचा काय उपयोग?
वाटेत बेर्गामोकडच्या म्हाताऱ्यांची एक टोळी आमच्या बाजूनं गेली. सगळे एकसारख्या टी-शर्टात. त्यातला एक जाता जाता ओरडला, चाकचोख्या! आमच्यात याहून वाईट शिवी नाही. जो दुसऱ्याच्या मागे लपून जातो, स्वतः कधी पुढे येत नाही, त्याला म्हणतात. मला लाज वाटली. माझ्या मागे असा कोण आहे म्हणून मान वळवून बघितलं.
कोणी नव्हतं. म्हातारपणी माणसं भलतंच बडबडतात.
देलिओ त्या टोळीकडे बघून हसला नाही. एरवी हसला असता.

१३ जून, लुईनो
विश्रांती. देलिओनंच मागितली. मी त्याला आधीच सुचवणार होतो. दिवसभर खोलीत पडून होता. मी मासे खाल्ले, तळ्यातले वाळवलेले, मक्याच्या पोलेंट्याबरोबर. त्याच्यासाठी एक बांधून घेतला. त्यानं खाल्ला नाही, मग वाया कशाला घालवा.
पाल्मिराचा फोन. पुढे कोण असतं, तिनं विचारलं. मी म्हटलं, आम्ही दोघंही वेळेच्या पुढे आहोत. मग देलिओला फोन दे म्हणाली. तो तिच्याशी हळू बोलत होता, मी खिडकीशी गेलो. माझं नाव दोनदा आलं. तक्रारीच्या सुरात नाही. माझी बाजू घेत असावा.
फोन ठेवून मला म्हणाला, "एर्मेते, उद्या तू पुढे हो. मला जमत नाहीये रे."
देलिओ असं कधी बोलत नाही. बस चालवायचा तेव्हा ताप अंगावर काढून घाटातून गाडी आणायचा, चेष्टा करत. मला कसंतरी झालं. म्हटलं, वेड्या, हे आधी सांगायचं नाही का? तो म्हणाला, सांगत होतो.
केव्हा, ते मला आठवेना.
उद्या. काहीही झालं तरी पहाटे. मी पुढे. मी पुढे. मी पुढे.

१४ जून, लुईनो, सकाळ
उठलो! स्वतःहून! देलिओ थक्क. चेहराच खुलला त्याचा. म्हणाला, आज ऑर्टाचं तळं आपल्यापासून पळून जात नाही. सायकली बाहेर काढल्या. मॅजोरेचं तळं आरशासारखं, सकाळचा वारा पाठीशी. हे आधीच करायला हवं होतं.
आज लुईनोचा बाजार भरलाय. तळ्याकाठी सगळे तंबूच तंबू. पुढे राहायचं तर हातमोजे लागतील, हात गार पडतात. जाऊन येतो. दहा मिनिटं.

१४ जून, संध्याकाळ
हातमोजे चांगले मिळाले. चीजवाल्यानं चव बघायला बोलावलं, त्याला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मग एक ओळखीचा बोटीवरचा माणूस भेटला. मग जेवणाची वेळ झाली.
पण कबूल केल्याप्रमाणे मी पुढे होतो. लुईनोच्या शेवटच्या घरापर्यंत मी पुढे होतो, हे मी कुणालाही सांगू शकतो. तिथे हातमोज्याचा पट्टा निघाला. देलिओला म्हटलं, तू हळूहळू चालू लाग, आलोच. पट्टा लागला, त्याला गाठलं. आता पुढे येणार, तेवढ्यात ट्रक. मग वळण. रस्ता अरुंद आहे तिथे. योग्य जागा बघत होतो.
त्यानं कोपर हलवलं. बघितलं मी. पुन्हा हलवलं. मग कोपर हलायचं थांबलं.
काल्दे गावाच्या अलीकडे तो पडला. मी त्याच्या चाकाला इतका चिकटून होतो की मीही पडलो. कोपर खरचटलं. त्याच्या चाकाच्या तारा अजून फिरत होत्या आणि त्यानं काहीच म्हटलं नाही. मी हाका मारल्या. अरे देलिओ, अरे देलिओ, एवढंच येत होतं तोंडातून.
ॲम्ब्युलन्समध्ये त्याला मागे ठेवलं. मला ड्रायव्हरशेजारी बसवलं, पुढे. वाटेत तो माणूस म्हणाला, या रस्त्यावर दुपारी दक्षिणेकडे कुणी सायकल नेत नाही. मी म्हटलं, आम्ही कोमोच्या तळ्यावरचे आहोत, आम्हाला वारा शिकवू नका.

१५ जून
देलिओ गेला. पहाटे. मी जागा होतो. आज मी जागा होतो.

१८ जून, ग्रावेदोना
त्याला इथे, आपल्या गावी, माती दिली. सायकल क्लबची सगळी म्हातारी मंडळी आली, सायकली घेऊन. आमच्याकडे रीत आहे, शवपेटीच्या गाडीपुढे घरचा एक सायकलवाला असतो, बाकीचे मागून. सगळे माझ्याकडे बघत होते. माझं पुढचं चाक पडताना वाकलंय, दुरुस्तीला टाकलंय. एकानं स्वतःची सायकल पुढे केली. म्हटलं, माझ्या मापाची नाही. शेवटी पुढे कोणीच गेलं नाही. मी पाल्मिराच्या मागून चालत गेलो. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. दुःखात आहे.

२१ जून
पाल्मिराकडे गेलो. देलिओची बॅग इस्पितळातून आलीय, पाल्मिरा ओट्याशी उभी राहून त्याचा चष्मा धूत होती. चिलटं वाळून घट्ट बसलेली. नखानं एकेक काढत होती. मी म्हटलं, मी करू का? नको म्हणाली.
पाणी बंद करून तिनं विचारलं, "वारा फार होता का रे त्या दिवशी?"
तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, खरं तेच सांगितलं. म्हटलं, अजिबात नव्हता. मला तर जाणवलासुद्धा नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, जरा वर. मग जवळ आली, माझ्या नाकावरचा चष्मा काढला, उजेडात धरला. ओल्या हातांनी तो परत माझ्या नाकावर ठेवला, नीट, कानांमागे काड्या बसवून, मी लहान असताना टोपी घालायची तशी.
म्हणाली, "जा आता तू."
ती थकली असणार. पुन्हा आठवड्यानं जाईन.

२८ जून
दोनदा दार वाजवलं. घरात होती, दिवा लागलेला होता.
संकल्प: उद्यापासून पुन्हा सायकल, एकट्यानं. देलिओच्या नावानं ऑर्टा पुरं करणे. त्याचा फोटो तिथल्या तळ्यात सोडणे. मग पाल्मिरा दार उघडेल.

२९ जून
चाक दुरुस्त होऊन आलं. जेवून निघालो. गावाबाहेरच्या वळणावर आलो आणि सायकल थांबलीच. आधी वाटलं ब्रेक घासतोय. उतरून बघितलं, चाक मोकळं. पुन्हा बसलो. गिअर हलका केला, आणखी हलका केला. पाय फिरत होते, रस्ता सरकत नव्हता. छातीवर कुणी हात ठेवून मागे लोटावं तसं. डोळ्यांतून पाणी, तोंडात चिलटं, श्वास घ्यायला मान वळवावी लागत होती. सवयीनं कोपर हललं माझं. मागे कोणी नव्हतं.
कशीबशी सायकल नीवेसच्या कॉफीच्या दुकानाच्या भिंतीला लावली. आत गेलो. चष्म्यातून दिसत नव्हतं. ती माझ्या वर्गात होती, माझं कधी ऐकून घेत नाही. विचारलं, हे कधीपासून सुरू झालं? काय, ती म्हणाली. म्हटलं, हा वारा. असा वारा या रस्त्यावर मी जन्मात बघितला नाही.
नीवेसनं फडकं खांद्यावर टाकलं, बाहेर तळ्याकडे बघितलं.
म्हणाली, "आजचा तर कमीच आहे. रोजचाच ब्रेवा."
कॉफी तशीच ठेवली. सायकल हातात धरून चालत घरी आलो. येताना वारा पाठीवर होता.